उन्हाळा आणि जुना प्रोसेसर
"तापला की संगणकाचा प्रोसेसर (मुख्य चिप) आपोआप बंद पडतो, कायमचं नुकसान होत नाही" असं म्हटलं जातं. हे मत इंटेलच्या पेंटियम ४ आणि नंतरच्या चिपना बव्हंशी लागू आहे. तापल्यावर या चिप प्रथम वेग कमी करतात, मग बंद होतात. पण २००० सालच्या एएमडीच्या थंडरबर्ड अ‍ॅथलॉन प्रोसेसरमध्ये हे संरक्षणच नव्हतं. हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा, चिपवर बसवलेला धातूचा भाग) निसटला की काही सेकंदांत चिप कायमची जळायची! शिवाय वर्षानुवर्षं तापत राहिलं तर चिपमधल्या धातूच्या सूक्ष्म वाहिन्या झिजतात, तेही भरून येत नाही.

आपल्या जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, त्यात जिनिंगजवळ असाल तर हीटसिंकमध्ये कापसाचे तंतू दाटून बसतात. कृपया आधी ते काढा, चिप आणि हीटसिंकमधली वाळलेली थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) बदला. मशीन थंड असतानाही अडकत असेल तर मदरबोर्डवरचे फुगलेले कपॅसिटर (डबीसारखे छोटे गोल भाग) बघा, बहुतेकदा प्रोसेसरआधी तेच जातात.