चार वर्षांचा मुलगा, निषिद्ध पदार्थांची लांबलचक यादी: पोटभर आणि पौष्टिक काय देऊ?

अबोली:

नमस्कार. मुलगा चार वर्षांचा आहे. सात-आठ महिन्यांचा असताना वरचं दूध दिलं आणि पाचच मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले. पुढे अंड्यानेही तेच झालं. अडीच वर्षांचा असताना शेंगदाण्याचा एक तुकडा पोटात गेला, तेव्हा उलट्या झाल्या, छातीत घरघर सुरू झाली आणि रात्र दवाखान्यात काढावी लागली.

त्यानंतर रक्ताची मोठी तपासणी करून घेतली. त्यात गहू, सोया, तीळ, हरभरा, टोमॅटो, केळं आणि मासे हे सगळं पॉझिटिव्ह आलं. कागद हातात ठेवून "यातलं काहीही देऊ नका" असं सांगण्यात आलं. गहू तर तोवर तो रोज खात होता, कधी एक पुळीसुद्धा आली नव्हती. तरी त्या दिवसापासून तोही बंद केला.

आता उरलंय काय, तर भात, बटाटा, गाजर, सफरचंद, थोडं चिकन. वजनाचा काटा बरेच महिने जागचा हललेला नाही. त्याहून जास्त काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. परवा त्याला कलिंगडाची फोड दिली. ती हातात धरून तो बराच वेळ नुसता बघत राहिला आणि मग विचारलं, "आई, याने मला दवाखान्यात जावं लागेल का?" कलिंगड त्याने आधी कितीदा तरी खाल्लंय.

तर प्रश्न असे: दुधाशिवाय कॅल्शियम आणि प्रथिनं कुठून द्यायची? घरात सगळ्यांसाठीच हे पदार्थ बंद करावेत का? त्याची भीती कशी कमी करू? धाकटी पाच महिन्यांची आहे, थोड्याच दिवसांत वरचं अन्न सुरू होईल. तिला शेंगदाणा, अंडं उशिराच द्यावं ना?

क्षितिज:

वाचून गलबलून आलं. आमच्याकडे फक्त अंड्याचं वावडं आहे, तेवढ्यानेच दमछाक होते. गाईचं दूध चालत नसेल तर शेळीचं देऊन बघितलं का? पचायला हलकं असतं म्हणतात.

जाईजुई:

अबोली, सविस्तर लिहिते, पण आधी क्षितिज यांना उत्तर देते, कारण ते तातडीचं आहे. शेळीचं दूध कृपया देऊ नकोस. गाईच्या आणि शेळीच्या दुधातली प्रथिनं इतकी सारखी असतात की गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या दहातल्या नऊपेक्षा जास्त मुलांना शेळीच्या दुधानेही त्रास होतो. म्हशीच्या, मेंढीच्या दुधाचंही तसंच. "पचायला हलकं" हा मुद्दा ॲलर्जीला लागू होत नाही. लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, न पचणं वेगळं, दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी वेगळी. लॅक्टोज काढलेलं दूधही त्याला चालणार नाही.

आता तुझ्याकडे येते. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. तिला दूध, अंडं, काजू, पिस्ता आणि गहू, एवढ्यांची ॲलर्जी होती. त्यातलं गहू आणि भाजलेल्या पदार्थातलं अंडं आज ती खाते.

सगळ्यात आधी एक विचारते. ॲड्रेनलिनचं इंजेक्शन घरात आहे का? शेंगदाण्याने उलट्या आणि घरघर एकदम झाली म्हणजे ती ॲनाफिलॅक्सिस होती, जिवावर बेतू शकणारी ॲलर्जीची तीव्र प्रतिक्रिया. हे इंजेक्शन तो असेल तिथे हवं. मात्रा वजनावर ठरते, किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, त्यामुळे ते डॉक्टरांकडूनच लिहून घे आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला कसं द्यायचं ते त्यांच्यासमोर करून बघ. ॲलर्जीचं गोड औषध खाज घालवतं, श्वास वाचवत नाही. आधी इंजेक्शन, मग बाकीचं. दिल्यावर मुलाला उभं करायचं नाही, चालवायचं नाही. आडवं ठेवायचं, श्वास लागत असेल तर बसतं ठेवायचं. बरं वाटलं तरी दवाखान्यात न्यायचंच, कारण काही तासांनी लक्षणं परत येऊ शकतात.

आता मुख्य गोष्ट. तू विचारते आहेस की उरलेल्या पाच पदार्थांतून पोषण कसं काढू. मला वाटतं, त्याआधी ती "नाही"ची यादी खरी आहे का ते तपासून घ्यायला हवं. रक्ताची किंवा त्वचेवर टोचून केलेली तपासणी पॉझिटिव्ह आली, याचा अर्थ शरीरात त्या पदार्थाविरुद्धची आयजीई प्रतिपिंडं (ॲलर्जीशी संबंधित प्रथिनं) आहेत, एवढाच. खाल्ल्यावर त्रास होईलच असा त्याचा अर्थ होत नाही. असंख्य मुलांचा कागद पॉझिटिव्ह असतो आणि ती तो पदार्थ मजेत खात असतात. तुझा मुलगा गव्हाच्या बाबतीत तेच करत होता! म्हणूनच जाणकार डॉक्टर आधी इतिहास विचारतात आणि संशय असलेल्या पदार्थांपुरतीच तपासणी करतात. सरसकट मोठं पॅनेल, म्हणजे एकदम ढीगभर पदार्थांची तपासणी, करून त्यावरून ताट रिकामं करणं हे मुलाच्या वाढीच्या मुळावर येतं, आणि हे मला मनापासून खटकतं. (आयजीजी या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिपिंडांच्या तपासण्यांच्या जाहिराती दिसतील. त्या ॲलर्जीच्या निदानासाठी नसतात, त्यांच्या वाटेला जाऊ नकोस.)

खरं उत्तर मिळतं ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली पदार्थ खाऊ घालून, ज्याला ओरल फूड चॅलेंज म्हणतात. अगदी कणभरापासून सुरू करून ठरावीक वेळाने मात्रा वाढवत नेतात आणि शेवटी वयाप्रमाणे पूर्ण वाटा देतात. माझ्या मुलीचा गहू असाच परत आला. मात्र "आधी खातच होता" म्हणून घरी गहू सुरू करू नकोस. आयजीई असलेल्या मुलाला एखादा पदार्थ बराच काळ बंद केला की शरीराची त्याला असलेली सवय मोडू शकते, आणि पुन्हा दिल्यावर जोराची प्रतिक्रिया येऊ शकते. म्हणून हे दवाखान्यातच व्हायला हवं. बालरोगतज्ज्ञांकडून ॲलर्जीतज्ज्ञांची चिठ्ठी घे आणि गहू, हरभरा, केळं, टोमॅटो, मासे, सोया यांपैकी प्रत्येकासमोर लिहून ने: कधी खाल्लं, किती खाल्लं, काय झालं. जे कधी खाल्लंच नाही, तेही लिही. त्यांच्यासाठी हा कागद त्या पॅनेलइतकाच महत्त्वाचा असतो.

दूध आणि अंड्याबद्दलही एक विचार. दुधाची ॲलर्जी असलेल्या निम्म्याहून जास्त मुलांना केक-मफिनमध्ये १८० अंश सेल्सिअसवर अर्धा तास भाजलं गेलेलं दूध चालतं, कारण उष्णतेने त्यातली काही प्रथिनं मोडतात. सगळी मोडत नाहीत, केसीन हे दुधातलं मुख्य प्रथिन टिकून राहतं, म्हणून हेही आधी डॉक्टरांना विचारूनच. पण चालतंय असं ठरलं, तर मुलाचं जग एकदम मोठं होतं.

घरात सगळं बंद करायचं का? आम्ही काजू-पिस्ता घरातून हद्दपार केले, दूध-अंडं ठेवलं. तुझ्याकडे शेंगदाण्याचा प्रसंग गंभीर होता, पण धाकटीला तो लागणार आहे (त्याबद्दल खाली लिहिते). त्यामुळे नियम पदार्थापेक्षा हातांचा ठेव. त्याचं जेवण आधी रांधायचं, बाकीच्यांचं नंतर. त्याची सुरी, फळी, झारा आणि तळणीचं तेल वेगळं. जेवल्यावर साबणाने हात धुवायचे. सॅनिटायझरने जंतू मरतात, पण शेंगदाण्याचं प्रथिन हातावर तसंच राहतं. नुसत्या पाण्यानेही ते पुरतं जात नाही. साबण-पाणी किंवा ओला वाइप लागतो. हे आजी-आजोबांना आणि बालवाडीच्या बाईंना आवर्जून सांग, कारण तिथे सॅनिटायझरवर फार भिस्त असते.

पाकिटं दर वेळी वाचायची, नेहमीचंच असलं तरी. केसीन, व्हे, दुधाची भुकटी, लोणी, तूप म्हणजे दूधच. "नॉन-डेअरी" लिहिलेल्या पावडरीतही केसीन सापडतं. "अंश असू शकतो" ही सूचना बऱ्याच देशांत ऐच्छिक आहे, त्यामुळे ती नाही म्हणजे धोका नाही, असं धरता येत नाही. तिळाचं नाव स्पष्ट छापण्याची सक्ती अमेरिकेतसुद्धा १ जानेवारी २०२३ पासूनच आली.

आता त्याची भीती. तो प्रश्न वाचून मला माझी मुलगी आठवली. "काही नाही होत रे" असं म्हणून आम्ही तिला कधी गप्प केलं नाही, कारण तिला खरंच कधीतरी काहीतरी झालं होतं. कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा तिचा केला. त्यातल्या प्रत्येक डब्यावर हिरवी टिकली चिकटवली आणि सांगितलं, या कप्प्यातलं काहीही कुणालाही न विचारता घ्यायचं. टिकल्या तिच्याकडूनच लावून घेतल्या, लेबल मी मोठ्याने वाचायचे. पहिले काही दिवस ती नुसती डबे उघडून बघायची आणि परत लावायची. मग एका दुपारी खुडबुड ऐकू आली, बघते तर फरशीवर बसून तांदळाचे कुरमुरे खात होती, माझ्याकडे न बघता. बाहेरच्या खाण्यासाठी मात्र "विचारल्याशिवाय नाही" हा नियम कायम ठेवला. विचारायची सवय त्याला आयुष्यभर लागणार आहे, पण घरात एक तरी जागा अशी हवी जिथे ती लागत नाही.

धाकटीबद्दल: उशीर करू नकोस. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या गिडियन लॅक यांच्या गटाचा लीप अभ्यास, बाळांना शेंगदाणा लवकर देण्याबद्दलचा, २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तीव्र एक्झिमा (त्वचा कोरडी पडून खाजणं) किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं त्यात होती. पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी शेंगदाणा टाळणाऱ्या गटात १७.२ टक्के मुलांना आणि तो नियमित खाणाऱ्या गटात ३.२ टक्के मुलांना निघाली. तिला एक्झिमा असेल तर आधी डॉक्टरांना दाखव. नसेल तरी कधी आणि कसं सुरू करायचं ते या भेटीतच विचारून घे. द्यायचं ते पातळ, गुळगुळीत करून. आख्खा दाणा किंवा तुकडा कधीच नाही, घशात अडकतो. मोठा घरात नसताना किंवा झोपलेला असताना भरव, मग हात, तोंड, खुर्ची सगळं साबणाने पूस.

मैत्रेयी:

मी आहारतज्ज्ञ आहे. जाईजुईंनी यादीबद्दल लिहिलं ते अगदी बरोबर. ती तपासून होईपर्यंत मुलाला जेवायला तर हवंच, म्हणून तेवढ्यापुरतं सांगते.

दूध बंद झालं की सगळे कॅल्शियमच्या मागे लागतात, पण या वयात आधी कमी पडतात ती ऊर्जा आणि प्रथिनं. भात-बटाट्याने पोट भरतं आणि वजन वाढत नाही. त्याच्या प्रत्येक वाटीत चालणारं एक चमचा तेल वरून घाला, शिजवून झाल्यावर. चिकन कोरडं तुकड्यांत खात नसेल तर बारीक करून बटाट्यात मिसळा. हरभऱ्याचा कागद पॉझिटिव्ह आहे म्हणून सगळ्या डाळी आपोआप वर्ज्य होत नाहीत. आधी खात असलेल्या डाळी चालू ठेवायच्या का, हे नेमकं विचारून घ्या.

चार ते आठ वर्षांसाठी अमेरिकी शिफारस दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियमची आहे. दुधाशिवाय आणि एवढ्या थोड्या पदार्थांत ते जेवणातून भरून निघणं कठीण, बहुधा पूरक औषध लागेल. सोबत ड जीवनसत्त्व आणि आयोडीन यांचीही चौकशी करा. दूध हा आयोडीनचाही मोठा स्रोत असतो, हे पटकन लक्षात येत नाही. वनस्पतींपासूनची पेयं घ्याल तर कॅल्शियम घातलेली घ्या आणि खोका जोरात हलवा, ते तळाशी बसतं. सोया सोडलं तर त्यांतल्या बहुतेकांत प्रथिनं अगदी नावाला असतात. तांदळाचं पेय पाच वर्षांखालील मुलांना दुधाऐवजी देऊ नये असा ब्रिटनमध्ये सल्ला आहे, त्यातल्या आर्सेनिकमुळे. वजन थांबलंय म्हणून डॉक्टरांना अमिनो ॲसिडच्या फॉर्म्युलाबद्दल विचारा, म्हणजे दुधाच्या प्रथिनाशिवायच्या, ॲलर्जीच्या मुलांसाठीच्या पावडरीबद्दल. चव उग्र असते, पण आहाराला मोठा आधार होतो.

आणि उंची-वजनाचा आलेख सोबत न्या. एका आकड्यापेक्षा रेघ कुठे वळली ते त्यावर लगेच दिसतं.

क्षितिज:

शेळीच्या दुधाबद्दल सांगितलंत ते बरं झालं. अबोली, ते देऊ नका.

अबोली:

सगळ्यांचे खूप आभार. आज डॉक्टरांशी बोलले. इंजेक्शन लिहून दिलं, दोघांनी शिकूनही घेतलं. ॲलर्जीतज्ज्ञांची वेळ मिळाली आहे. त्यांच्या सहायकाने फोनवर इतिहास ऐकून सांगितलं की बहुतेक गव्हापासून सुरुवात करतील. जाईजुई ताई, त्या दिवशी काय काय न्यायचं? मला आत्तापासून धडधडतंय.

जाईजुई:

धडधडणारच गं. ॲलर्जीचं औषध किती दिवस आधी थांबवायचं ते फोन करून आधीच विचार, नाहीतर चाचणी पुढे ढकलतात. सर्दी, ताप किंवा घरघर असेल तरी ढकलतात, तेव्हा तसं काही वाटलं तर आदल्या दिवशीच कळव. अर्धा दिवस सहज जातो. गहू कशात मिसळून द्यायचा ते विचार आणि त्याला आवडणारं, नक्की चालणारं काहीतरी घेऊन जा, सफरचंद शिजवून कुस्करलेलं चालेल. सकाळी किती खाऊ द्यायचं तेही तेच सांगतील. थोडा भुकेला असला तर बरं पडतं. गोष्टींची पुस्तकं, त्याची पांघरायची चादर आणि कपड्यांचे दोन जादा जोड घे, उलटी झाली तर लागतात. एक जोड तुझाही.