घरच्या कॉम्प्युटरला ५.१ स्पीकर लावणं म्हणजे पैशाचा चुराडा?

मोंढा_रोड (परभणी)
दिवाळीत नांदेडहून ५.१ चा सेट (पाच स्पीकर अन् जड आवाजाचा एक डबा, म्हणजे सबवूफर) आणला, साडेपाच हजार मोजून. दुकानात लावून दाखवला तेव्हा शटर थरथरत होतं. घरी कॉम्प्युटरला जोडला तर समोरचे दोन वाजतात, मधला मुका, मागचे दोन मुके, अन् डबा नुसता दिवा लावून बसलाय. वरून गाणं थांबलं की घोरल्यासारखं 'हुंऽऽ' सुरू. डब्याच्या मागं सहा भोकं, खोक्यात हिरव्या पिनेची वायर एकच निघाली. ती लावली. दोन रविवार ह्यात गेले.
माझं मत झालंय की ५.१ हे थेटरचं काम. दहा बाय बाराच्या खोलीत खुर्ची टाकून बसणाऱ्याला २.१ (दोन स्पीकर अन् डबा) पुष्कळ. उलट मत असेल तर कारणासहित सांगा, 'ड्रायव्हर टाका' एवढंच सांगू नका.

औंढेकर
भाऊ, राग सेटवर काढायलात, घोळ वायरीचा आहे. ती पिन हातात घेऊन बघा. तिच्यावर दोन काळ्या रेघा दिसतील, म्हणजे तीन भाग झाले: डावा, उजवा अन् अर्थ. एका वायरीतून दोनच आवाज जातात. सहा आवाजांना तीन वायरी लागतात. हिरवी समोरची, काळी मागची, नारिंगी मधला स्पीकर आणि डबा.
कॉम्प्युटरमागं तीनच भोकं असतील (निळं, हिरवं, गुलाबी) तरी जमतं. बऱ्याच मदरबोर्डांत साउंडच्या सॉफ्टवेअरमधून निळ्याला मागचे अन् गुलाबीला मधला-डबा करता येतं. मग माइक पुढच्या भोकात लावायचा. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये 'कॉन्फिगर'मध्ये जाऊन ५.१ निवडा आणि 'टेस्ट' दाबा, एकेक स्पीकर आळीपाळीनं वाजतो. हे न करता '५.१ बेकार' म्हणणं म्हणजे एकच बैल जुंपून औत चालंना म्हणण्यासारखं आहे.

बार्शी_नाका (बीड)
मी मोंढा_रोडच्या बाजूनं. समजा तीन वायरी लावल्या, पुढं काय? आपण ऐकतो काय? ब्राउझरवर यूट्यूबची गाणी, कीर्तन, जुने मराठी पिक्चर. हे बहुतेक सगळं दोन चॅनलचं, म्हणजे डावा अन् उजवा असे दोनच वेगळे आवाज. मागच्या स्पीकरला बोलायला मजकूरच नाही, तो बोलंल काय? 'स्पीकर फिल' चालू केलं की मागचे वाजतात, पण तो समोरचाच आवाज मागं वाढलेला. महाराज समोर उभे अन् टाळकरी पाठीमागं, असं काही होत नाही. महाराजच दोन्हीकडून बोलायलेत.

रात्रपाळी_लातूर
@बार्शी_नाका, कीर्तनापुरतं मान्य. पण गेम? विंडोजला ५.१ सांगितलं की बऱ्याच गेममध्ये मागून येणाऱ्याची पावलं खरंच मागून ऐकू येतात. त्यात काही भरलेलं नसतं. आणि पिक्चरची फाइल सहा चॅनलची असेल तर व्हीएलसी प्लेयरमध्ये सहाही वाजतात. पोरगं एकदा ऐकलं की २.१ ला हात लावत नाही.

कळंबकर
एवढा कुटाणा कशाला? रिमोटवर एयूएक्स (दोन आवाजांच्या साध्या वायरीचं बटण) दाबा, सगळे स्पीकर वाजतात. मी तीन वर्षं तसंच ऐकायलोय.

औंढेकर
@कळंबकर, वाजणारच. एयूएक्सवर सेट दोनच आवाज सगळ्यांना वाटून देतो. वाजतात पाच, ऐकताय दोन. दुकानदार दाखवतात ते बहुतेक असंच. ब्लूटूथनं जोडलं तरी दोनच चॅनल जातात.

वायरमन_उदगीर
चॅनलचा वाद तुमचा तुम्ही मिटवा, मी 'हुंऽऽ'चं सांगतो. वायर डब्याच्या बाजूनं काढा. (कॉम्प्युटरच्या बाजूनं काढून लोंबकळत ठेवली तर ती स्वतःच गुणगुणते.) तरी आवाज येत राहिला तर दोष सेटच्या आतला. थांबला तर कॉम्प्युटरकडून येतोय.  मग कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागून कधी झिणझिण्या आल्या असतील तर अर्थिंग गेलंय, लगेच वायरमन बोलवा.
आपल्याकडं होळीनंतर अर्थिंगचा खड्डा ठणठणीत कोरडा पडतो. कोळसा-मीठ घातलेलं असतं, पण पाणी कोणी घालत नाही. प्यायलाच टँकर, तिथं खड्ड्याला कोण घालंल म्हणा. तरी धुण्याचं पाणी तिकडं वळवा. स्पीकर आणि कॉम्प्युटर एकाच बोर्डावर घ्या. आणि आवाज जातो म्हणून तिसरी पिन मोडायची नाही. मी अशी मोडलेली घरं बघितलीत.

डिजिटल_संभाजीनगर
ह्या पिनांच्या ॲनालॉग वायरी सोडा, ऑप्टिकल वायर लावा. अर्थिंगची भानगडच नाही, काचेतून नाहीतर प्लास्टिकमधून उजेड जातो.

रात्रपाळी_लातूर
साडेपाच हजाराच्या सेटला ऑप्टिकल असेल असं वाटत नाही. असलं तरी त्यातून साधा न दाबलेला आवाज दोनच चॅनल जातो. पिक्चरचा डॉल्बी (दाबून भरलेले सहा चॅनल) जाईल, गेमचा सहा चॅनल करायला मदरबोर्डात वेगळी सोय लागते. एचडीएमआयनं आठपर्यंत जातात, पण ते उलगडून स्पीकरांना देणारा रिसीव्हर पाहिजे. म्हणजे अजून खर्च.

मोंढा_रोड (परभणी)
अपडेट. स्टेशन रोडवरून दोन वायरी आणल्या. कॅबिनेटला झिणझिण्या होत्या. वायरमन आणून अर्थिंग नीट करून घेतलं, घरघर बरीच कमी झाली. वायरमनदादा, आभार.
मागचे दोन बोलले. पण टेस्ट दाबली तर मधल्याचा आवाज डब्यातून आला, विहिरीत उतरलेला माणूस बोलायलाय असा.

औंढेकर
काही विशेष नाही. काही सेटमध्ये मधला अन् डबा उलटे असतात. नारिंगी वायरीच्या दुसऱ्या टोकाच्या दोन पिना एकमेकींच्या जागी लावा, बस्स. आणि मागचे स्पीकर पार मागच्या भिंतीला ठोकलेत का? ते खुर्चीच्या दोन्ही अंगाला, खांद्याच्या जरासे मागं पाहिजेत. समोर बघणं शून्य धरलं तर ११० अंशावर.

मोंढा_रोड (परभणी)
पिना बदलल्या, जमलं. खांद्याच्या अंगाला एकीकडं फ्रिज आहे, दुसरीकडं दार. दारावर स्पीकर कसा लावायचा ते सांगा. म्हणून मत अजून तेच आहे: आपल्या खोल्या २.१ च्या मापाच्या. पोराला मात्र गेम लावून दाखवला तर तो मागं वळून बघायला लागला. हे कबूल करतो.

बार्शी_नाका (बीड)
आता खरी परीक्षा घ्या. कीर्तन लावा अन् डोळे मिटून सांगा मागं कोण आहे.

मोंढा_रोड (परभणी)
उद्या आठ ते बारा लाइट नाही. परवा सांगतो.