मदत हवी आहे: ज्येष्ठांसाठीच्या आरोग्य संकेतस्थळावर 'अ+' बटण पुरेल का?

अर्धविराम (धागाकर्ता)
मधुमेह, रक्तदाब आणि गुडघेदुखीची माहिती देणारं मराठी संकेतस्थळ नव्याने बांधायचं आहे. वाचक बहुतेक साठीपुढचे, बरेचसे मोबाइलवर. सध्या मजकूर १४ पिक्सेल, पांढऱ्यावर करडा (#८८८८८८); वर चिकटून राहणारी पट्टी; औषधांची माहिती पीडीएफमध्ये. कोपऱ्यात 'अ+ / अ-' बटणं दिली तर भागेल का? शिवाय संगणकावर २०० टक्के झूम केलं की अर्धा पडदा ती पट्टीच खाते.

काना_मात्रा
'अ+' विसरा. ज्याला १४ पिक्सेल वाचता येत नाही, त्याला ते इवलंसं बटण तरी कुठून दिसणार? मूळ अक्षरच १८ ते २० पिक्सेलचं घ्या. माप रेममध्ये (ब्राउझरमधल्या मूळ अक्षराच्या पटीत मोजणारं एकक) द्या, म्हणजे कोणी ब्राउझरमध्ये अक्षर मोठं करून ठेवलं असेल तर ते पाळलं जाईल. व्ह्यूपोर्टच्या ओळीत (पान पडद्यावर कसं बसवायचं ते सांगणारी कोडची ओळ) 'युजर-स्केलेबल=नो' असेल तर आधी काढा; बऱ्याच ब्राउझरांत चिमटीने झूम करणं त्यानेच बंद पडतं.

देवनागरीची पथ्यं वेगळी. लाइन-हाइट (ओळीची उंची, अक्षराच्या मापाच्या पटीत) १.६ ते १.८ हवी, इंग्रजीची १.२ तशीच राहिली की वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडतात. लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधली जादा जागा) शून्यच ठेवा, नाहीतर शिरोरेषा तुटते. कृश फॉन्टही नको, जोडाक्षरं पुसट होतात. आणि पानाला भाषा 'एमआर' (मराठीचा संकेत) नोंदवा, नाहीतर स्क्रीन रीडर (मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं साधन) भलत्याच भाषेच्या आवाजात वाचू लागतो.

तुमच्या करड्याचा कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक) जेमतेम ३.५:१ आहे. डब्ल्यूसीएजीच्या (संकेतस्थळं सर्वांना वापरता यावीत यासाठीचे आंतरराष्ट्रीय निकष) एए पातळीला साध्या मजकुरासाठी ४.५:१ लागतो, त्याहून कडक एएएला ७:१. #५९५९५९ हा गडद करडा घेतलात तर ७ गाठता येतो. वयोमानाने डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, निळा आणि काळा यांतला फरक कळेनासा होतो; म्हणून दुवे अधोरेखित करा, नुसत्या निळ्यावर सोडू नका.

पट्टीचं: २०० टक्क्यांना ब्राउझरच्या लेखी पडद्याची उंची निम्मी होते. मीडिया क्वेरीत (पडद्याच्या मापानुसार मांडणी बदलणारा कोडमधला नियम) कमाल उंचीची अट घालून तेवढ्यापुरती पट्टी सुटी करा. खरं तर ती चिकटवायलाच नको होती.

टिपकागद
बटणांबद्दल भर. डब्ल्यूसीएजी २.२ (२०२३) एएसाठी २४×२४ पिक्सेलवर समाधान मानतं. थरथरत्या बोटाला ते अपुरं. ४८ ठेवा, दोन बटणांत निदान ८ सोडा.

पीडीएफ फोनवर उघडली की ओळी पडद्यात मावत नाहीत, दर ओळीला डावी-उजवीकडे सरकावं लागतं. तो मजकूर साध्या पानावर आणा. 'दिवसातून दोनदा' ऐवजी 'सकाळी १, रात्री १' लिहा. जेवणाआधी की नंतर, हे त्याच ओळीत. शोधपेटीला 'शुगर', 'साखर', 'डायबेटीस' हे सगळे मधुमेहाचेच शब्द म्हणून शिकवा.

अर्धविराम (धागाकर्ता)
अक्षर मोठं झालं की पान लांबलचक होतंय. अ‍ॅकॉर्डियन (शीर्षक दाबलं की उघडणारे, एरवी मिटलेले भाग) चालेल?

काना_मात्रा
चालेल, पण धोक्याची लक्षणं त्यात कधीही झाकू नका. छातीत दुखणं, अचानक बोबडी वळणं, अशा वेळी काय करायचं ते पानाच्या माथ्यावर उघडंच हवं. बाकी भागांत अख्खी शीर्षकाची ओळ दाबता यावी आणि शेजारी 'उघडा' असा शब्द असावा; नुसता बाण अनेकांना नक्षी वाटतो.

टिपकागद
चाचणीला पाच-सहा ज्येष्ठ पुरतात. 'आवडलं का?' विचारू नका, सगळे हो म्हणतात. 'गोळी चुकली तर काय करायचं ते शोधून दाखवा' असं काम द्या आणि बोट कुठे अडतं ते गप्प बसून बघा.