शहराचं पाणी कंपनीला चालवायला दिलं तर बिघडतं काय?

फुलेवाडी_०९:
मंडळी, कोल्हापूरला काळम्मावाडी धरणावरून पाणी आणणारी थेट पाईपलाईन २०२३ ला सुरू झाली तरी आमच्याकडं वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही, मोटर लावल्याशिवाय टाकी भरत नाही. अपार्टमेंटच्या मिटिंगमध्ये दोघा-तिघांनी विषय काढला की पाणीपुरवठा एखाद्या कंपनीला द्या, लाईटसारखं बिल येईल, पाणी २४ तास मिळेल. ऐकायला बरं वाटतंय पण मनाला पटंना. धरण सरकारचंच राहणार, नुसती व्यवस्था कंपनीची, मग नेमकं बिघडतं काय? कुठं असं झालंय का?

कळंबा_कट्टा:
टोल विसरला काय भावा? रस्ते करून घेतले, करार कंपनीशी, आणि तो टोल घालवायला अख्खं कोल्हापूर रस्त्यावर आलं, शेवटी कंपनीचे पैसे सरकारलाच भागवावे लागले. रस्त्याला निदान दुसरी वाट असते, नळाला कुठली? बोलिव्हियात कोचाबांबा शहराचं पाणी असंच दिलं होतं, दर एवढे वाढले की लोक उठले आणि एप्रिल २००० मध्ये करार रद्द करावा लागला. लांब कशाला, आताच्या छत्तीसगडात १९९८ मध्ये शिवनाथ नदीचा साधारण २३ किलोमीटरचा पट्टा एका खासगी कंपनीकडं गेला आणि काठावरच्या शेतकऱ्यांना, मासेमारी करणाऱ्यांना त्यांच्याच नदीत उतरायची अडचण झाली.

करवीरचा_शेतकरी:
आमच्याकडं नदीला कोल्हापूर पद्धतीचे बंधारे हायत. पावसाळा संपला की बरग्यांच्या म्हणजे आडव्या फळ्यांच्या दोन रांगा घालायच्या, मधी माती दाबून भरायची, मग पाणी अडतंय. त्या पाण्यावर गावोगावच्या सहकारी पाणीपुरवठा संस्था चालतात, सभासद पाणीपट्टी भरतोय, पाळी चुकली तर सभेत उभा राहून चेअरमनला विचारतोय. उपसाबंदी लागली की सगळ्यांच्याच मोटरी बंद, बागायतदार असो नायतर २० गुंठेवाला. राज्याचा २००५ चा जलसंपत्ती प्राधिकरणाचा कायदा बघा, त्यात पाण्याचा वाटा हंगामापुरता विकायची-घ्यायची सोय लिहून ठेवलीय. ज्याच्याकडं पैसा तो वाटा उचलणार, शेपटाकडच्या, सगळ्यात शेवटी पाणी मिळणाऱ्या माणसानं काय करायचं? शाहू महाराजांनी राधानगरीचं धरण बांधायला घेतलं ते रयतेच्या पैशानं रयतेसाठी, बाजारात बसवायला नव्हं.

इंजिनिअर_राजारामपुरी:
भावना मान्य, पण गळकी लाईन भावनेनं दुरुस्त होत नाही. नागपूरनं २०१२ पासून २५ वर्षांच्या करारावर कंपनीला काम दिलंच आहे.

कळंबा_कट्टा:
दादा, गळती काढायला तेवढ्या कामाचं टेंडर काढा की, त्याला कोण नको म्हणतंय. पण २५ वर्षं म्हणजे आज जन्मलेलं पोरगं कमवायला लागेपर्यंत आपले हात बांधलेले. पॅरिसनं दोन खासगी कंपन्यांकडचं पाणी २०१० मध्ये परत महापालिकेकडं घेतलं आणि दुसऱ्याच वर्षी दर ८ टक्क्यांनी उतरवला. म्हणजे महापालिकेला जमत नाही हे खरं नव्हे.

@फुलेवाडी, मिटिंगमध्ये एवढंच विचार: दर कोण ठरवणार, बिल थकलं तर गरिबाचा नळ तोडणार का, सार्वजनिक नळकोंडाळी राहणार का, आणि करार मधेच मोडला तर भरपाई कुणाच्या खिशातून. उत्तरं तोंडी घेऊ नको, लेखी माग. आणि वॉर्डात प्रेशर का नाही त्याचा एक अर्ज सगळ्यांच्या सह्या घेऊन पाणीपुरवठा विभागात टाक, पोहोच घेतल्याशिवाय उठायचं नाही.

फुलेवाडी_०९:
अर्जाचं उद्याच बघतो. करवीरवाले काका, तुमच्या संस्थेची सभा कधी असते? येऊन बसलो तर चालेल का?

करवीरचा_शेतकरी:
ये की, चहा हाय. पंधरा दिवसांनी वार्षिक सभा हाय, दोघं-तिघं मिळून या.