हम्बोल्ट पेंग्विन ही ‘जाती’ की ‘प्रजाती’?

राणीच्या बागेतल्या पेंग्विनांची बातमी आली की ‘हम्बोल्ट प्रजातीचे पेंग्विन’ असं छापून येतंच, पण मराठी विश्वकोशाच्या जुन्या नोंदींत जीनसला (म्हणजे जवळच्या स्पीशीजच्या गटाला) प्रजाती आणि स्पीशीजला (म्हणजे एकाच प्रकारच्या जिवांना) जाती म्हटलेलं दिसतं. मग हम्बोल्ट नक्की काय? लेकीच्या प्रोजेक्टमध्ये काय लिहायचं?

*

विश्वकोशाच्या हिशोबाने जाती. शास्त्रीय नाव स्फेनिस्कस हम्बोल्टाय, मेयेन या शास्त्रज्ञाने १८३४ साली दिलेलं. त्यातलं स्फेनिस्कस ही प्रजाती आणि तिच्यात आज चार जाती, हम्बोल्ट, मॅगेलॅनिक, गॅलापागोस आणि आफ्रिकन, त्यातली हम्बोल्टची सगळ्यात जवळची नातलग गॅलापागोसवाली. त्याच्या वरचं कुल (फॅमिली) स्फेनिसिडी, आजचे झाडून सगळे पेंग्विन या एकाच कुलात.

*

कागदावर ठीक आहे हो, पण ‘कुत्रा कुठल्या जातीचा?’ विचारलं की आपण लॅब्रॅडॉर नाहीतर डॉबरमन सांगतो, आणि ते तर एकाच स्पीशीजचे! शिवाय जात म्हटलं की आपल्याकडे डोक्यात भलतंच येतं, म्हणून पण लोक प्रजातीकडे वळले असतील. माझं मत, स्पीशीजला प्रजाती म्हणा, जीनसला वंश म्हणा, वंश शब्द काही नवा नाहीये.

*

‘आपसात पिल्लं होतात ती एक जाती’ ही शाळेतली व्याख्या लेकीला जरा जपून लिहायला सांगा. चिलीच्या दक्षिणेला हम्बोल्ट आणि मॅगेलॅनिक एकाच ठिकाणी घरटी करतात आणि त्यांची संकरित पिल्लं सापडलीयेत. तरी जाती दोनच धरतात. ओळखायची सोपी खूण म्हणजे हम्बोल्टच्या छातीवर काळा पट्टा एक, मॅगेलॅनिकच्या दोन.

*

प्रजाती बदलण्यावरून आठवलं, आफ्रिकन पेंग्विनला जीवांच्या वर्गीकरणाची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये डायोमेडियात घातलं होतं, म्हणजे चक्क अल्बट्रॉस या उडणाऱ्या समुद्रपक्ष्याच्या प्रजातीत (की वंशात, तुमचं काय ठरेल ते). नंतर काढलं तिथून, काढायलाच हवं होतं, पण गंमत बघा, आता डीएनए तपासल्यावर पेंग्विनांचे सगळ्यात जवळचे नातेवाईक म्हणून अल्बट्रॉस आणि पेट्रेल या समुद्रपक्ष्यांचाच गण (ऑर्डर, कुलाच्या वरचा गट) पुढे आलाय. दोघांचे फाटे मात्र फार जुने, न्यूझीलंडला सापडलेला वायमानू हा पेंग्विन सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वीचा आणि तेव्हाही त्याला उडता येत नव्हतं.

*

बरं, मग प्रोजेक्टमध्ये ‘वंश स्फेनिस्कस, जाती हम्बोल्टाय’ असं लिहायला सांगते, ‘प्रजाती’ वापरतच नाही.