उत्तर: अंकातला बिआट्रिस शिलिंगवरचा लेख

ताई,
दुसऱ्या महायुद्धातल्या या ब्रिटिश इंजिनियर बाईवरचा खर्डा वाचला. 'तिच्या वायसरने मर्लिन इंजिन बंद पडायचं थांबलं' हे वाक्य तेवढं बदला. बंद पडण्याचे प्रकार दोन, तिने आटोक्यात आणला तो दुसरा.

मर्लिनवर उडणाऱ्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं, स्पिटफायरचं, नाक झटकन खाली दाबलं की कार्ब्युरेटरच्या (इंजिनासाठी हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल छताला जातं. जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक तोंडं, तळाशी; ती उघडी पडतात आणि इंजिन क्षणभर आचके देतं. हा पहिला. पाठोपाठ फ्लोट, म्हणजे चेंबरमधला तरंगता गोळा, तळाकडे सरकतो. पाण्याच्या टाकीतला बॉलकॉक आठवा: गोळा खाली, नळ पूर्ण उघडा. पंप पेट्रोल ढकलतच राहतो, चेंबर तुडुंब भरतं, इंजिन गुदमरतं, मागे काळा धूर. जास्त घातक हाच. जर्मन मेसरश्मिट १०९ ला थेट इंधनफवारणी होती, ते सरळ सूर मारून निसटायचं. ब्रिटिश वैमानिकाला आधी विमान अर्धं उलटं करून मग खाली खेचावं लागे.

शिलिंगचा उपाय म्हणजे कार्ब्युरेटरच्या अलीकडे, पेट्रोलच्या नळीत बसणारी छोटी पितळी टोपी, मधोमध भोक. पुढे नुसता चपटा वायसर. पूर्ण ताकदीला लागेल तेवढंच पेट्रोल त्यातून जायचं. भोक मोठं झालं तर पुन्हा तुंबणार, लहान झालं तर ऐन चढाईत इंजिन उपाशी. म्हणून १२ आणि १५ पौंड बूस्टसाठी (इंजिनात हवा दाबून भरण्याचा दाब) दोन वेगळी मापं.

---

काका,
वाक्य बदलते. पण हे बसवायला विमानं कारखान्यात न्यावी लागली का?

---

नाही, तीच तर खुबी. हवाई तळावरच बसायचं, विमान अडकून पडत नसे. ती स्वतः छोटं पथक घेऊन तळांवर फिरली आणि मार्च १९४१ पर्यंत फायटर कमांडभर, म्हणजे ब्रिटनच्या सगळ्या लढाऊ विमानदलात, काम उरकलं. उलटं उडत राहणं मात्र तरीही जमेना. त्यासाठी १९४३ मध्ये बेंडिक्स कंपनीचा, दाबाने पेट्रोल देणारा प्रेशर कार्ब्युरेटर यावा लागला.

आणखी एक. 'पदवी घेऊन थेट संशोधक' असं नको. १९३२ मध्ये मँचेस्टरची इलेक्ट्रिकलची पदवी, मग मेकॅनिकलची एमएससी. १९३६ मध्ये फार्नबरोला, ब्रिटनच्या विमान-संशोधन केंद्रात, लागली ती तांत्रिक मजकूर लिहायला. इंजिनं हातात आली ती नंतर. तिथे १९६९ पर्यंत होती, शेवटी शेवटी ओल्या धावपट्टीवरच्या ब्रेकचंही काम केलं.

आणि ब्रुकलँड्सच्या शर्यतीच्या ट्रॅकवरची ती नॉर्टन मोटरसायकलवरची फेरी ताशी १०६ मैलांची. खर्ड्यात किलोमीटर पडलेत.