ई-रीडरवर मुखपृष्ठ दिसायलाच हवं का?

पानवेडी:
आईच्या ई-रीडरवर मी केबलने चाळीसेक मराठी पुस्तकं टाकून दिली होती. मुखपृष्ठं छान दिसत होती. परवा तिने वायफाय चालू केलं आणि अर्ध्या पुस्तकांच्या जागी करडे चौकोन आले, त्यांत नाव अर्धवट तुटलेलं. शोधाशोध केल्यावर कळलं की यंत्र पुस्तकाचा ओळख क्रमांक ऑनलाइन दुकानाच्या यादीत शोधतं, आणि तिथे सापडला नाही की ते मुखपृष्ठाचं छोटं चित्र पुसून टाकतं. फाइलच्या आत मुखपृष्ठ जसंच्या तसं आहे! आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. ती नाव वाचून पुस्तक शोधत नाही, "ते झाडाचं चित्र असलेलं" म्हणून शोधते. फाइलमध्ये मुखपृष्ठ असेल तर यंत्राने तेच दाखवावं. दुकानाला विचारायचं कशाला?

जुनाकपाट:
आईंचा त्रास समजला, पण मुखपृष्ठाचा आग्रह पटत नाही. ई-इंकच्या साध्या पडद्यावर करड्या रंगाच्या 16 छटा, त्यात काडेपेटीएवढं चित्र. सुलेखनातली नाजूक अक्षरं तिथे नुसता डाग होतात. मी सरळ यादी लावली आहे. खरा घोळ मेटाडेटाचा, म्हणजे फाइलमधल्या पुस्तकाच्या माहितीच्या नोंदींचा आहे. ईपब ही ई-पुस्तकाची फाइल म्हणजे झिपच, अनेक फाइलींचं गाठोडं; आत या नोंदींची एक ओपीएफ फाइल असते. शीर्षक, लेखक, भाषा सगळं तिथे. माझ्याकडच्या कितीतरी मराठी फाइलींत भाषा 'इंग्रजी' लिहिली आहे, मग शब्दावर बोट ठेवलं की शब्दकोशही इंग्रजीच उघडतो. राम गणेश गडकरी, रा. ग. गडकरी आणि नुसते गडकरी, असे यादीत तीन लेखक! आधी हे निस्तरा.

शाईचा_थेंब:
गडकऱ्यांचं नाव निघालंच आहे तर सांगते. कविता 'गोविंदाग्रज' नावाने, विनोदी लेखन 'बाळकराम' नावाने. सगळीकडे गडकरी लिहून टाकलं तर वाचकाला टोपणनावच दिसणार नाही, आणि ते मला अजिबात चालणार नाही. दिसणारं नाव टोपणनावच ठेवा, पण क्रमवारीसाठीच्या 'फाइल-अ‍ॅज'मध्ये 'गडकरी, राम गणेश' घाला. पुस्तकं शेजारी शेजारी येतात. अर्थात यंत्राने ती नोंद मानली तर! कित्येक यंत्रं मानत नाहीत.

पानवेडी:
@जुनाकपाट, भाषेचं शंभर टक्के मान्य. पण यादी तुम्हाला सोयीची, आईला नाही. शिवाय पुष्कळ फाइलींत चित्र पहिल्या पानावर असतं, पण हेच मुखपृष्ठ अशी खूण ओपीएफमध्ये नसते. ईपब 2 आणि ईपब 3 या दोन आवृत्त्यांमध्ये ती करायची पद्धत वेगळी. मी दोन्ही करून ठेवते.

जुनाकपाट:
ही खूण करणं प्रकाशकाचं काम आहे. पैसे मोजून घेतलेल्या पुस्तकात वाचकाने का खपावं?

पानवेडी:
ते खरंच. काल संगणकावर कॅलिबर (ई-पुस्तकं सांभाळायचं सॉफ्टवेअर) उघडून केबल जोडली, चित्रं परत आली. आता वायफाय बंद ठेवलंय. पण आईला दिवाळी अंक मी इथून ईमेलनेच पाठवते, ते उतरायला वायफाय लागणारच, त्याचं काय करायचं ते सुचत नाहीये.